आठवं लाकूड

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. आणि रात्री-बित्री नाही... भर सकाळी, साडेआठ वाजता.

गेल्या जानेवारीतला मंगळवार. अ‍ॅटलास डोंगरातलं ऐत उझरू गाव. खेड्यांतल्या शाळांची पाहणी करणं हे माझं काम. किती मुलं येतात ते मोजायचं आणि वर कळवायचं. आठांपेक्षा कमी भरली, की शाळेला कुलूप.

तिथली शाळा म्हणजे एक खोली आणि एक मास्तर, इद्दर. थंडीत प्रत्येक मूल शेगडीसाठी घरून एक लाकूड आणतं. दारात टाकतं आणि बसतं.

मी मुलं मोजली.

सात.

हजेरीत मात्र नावं आठ. आठवं नाव, तूदा.

"तापानं पडलीय ती," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाला.

मीही काही कालची पोर नाही. खोदून विचारलं, तेव्हा कळलं... तूदा ऑक्टोबरच्या पुरात ओढ्यात वाहून गेली होती. शाळेत येतानाच. नाव काढलं तर शाळा जाईल, म्हणून सगळ्या गावानं ते तसंच ठेवलं होतं.

जीव कळवळला माझा. पण खोटं ते खोटंच.

निघताना दारातली लाकडं दिसली. मोजायची खोड जाते थोडीच...

आठ.

सात सुकी. एक ओलंचिंब, खाली पाण्याचं थारोळं.

कुणाचं म्हणून विचारलं. मास्तरनं ते उचलून कोपऱ्यात ठेवलं. तिथे तसल्याच ओल्या लाकडांचा ढीग होता.

"रोज येतं," तो हळूच म्हणाला. "पेटत नाही. आणि टाकून द्यायला हात धजत नाही."

बाहेर तूदाची आई हिशा उभी होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

"पोरी, नाव खोडू नकोस. शाळा आहे म्हणून ती कुठेतरी जाते तरी. बंद झाली तर कुठे जाईल गं?"

मी बरं म्हटलं.

आणि खाली शहरात येऊन सातच मुलं लिहिली. माझ्याच पेनानं नाव खोडलं.

मार्चमध्ये शाळा बंद झाली. मी दोनदा अर्ज केला, चूक माझी म्हणून लिहून दिलं. उत्तर एकच, पुरेशी मुलं नाहीत. आता तर चार घरं गाव सोडूनही गेली.

एप्रिलपासून माझ्या दारात...

तिसरा मजला. रोज सकाळी साडेआठ. एक ओलं लाकूड.

आधीची फेकून दिली. आता गॅलरीत रचून ठेवते.

रोज दार उघडून रिकाम्या जिन्याला सांगते, "बाळ, इथे शाळा नाही गं." ऐकतंय कोण?

काल काही आलं नाही. काल रविवार, शाळेला सुट्टी.

आज सोमवार. सव्वाआठ झालेत.