दादाने न बुजवलेला खड्डा

ही गोष्ट खरी आहे. कोणाला घाबरवायची मला हौस नाही. मी एक्स-रे काढते. हाड मोडलंय हेसुद्धा फोटोत दिसल्याशिवाय मानत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. चांगलं उजाडलं होतं. ओहोटी होती. बंदराच्या जुन्या भिंतीपलीकडचा किनारा. फक्त धुकं होतं...

माझा मोठा भाऊ, दादा, बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त झाला आणि मेटल डिटेक्टर घेऊन वाळूत नाणी शोधायला लागला. आम्ही त्याला चिल्लरशेठ म्हणायचो.

सुरुवातीला रोज काहीतरी आणायचा. काळी पडलेली नाणी, एखादी किल्ली, कानातलं. वहिनीची लाँड्री आहे. ती सगळं काउंटरवरच्या बरणीत ठेवायची.

मग एकाएकी बरणी भरायची थांबली.

दादा मात्र आधीपेक्षा लवकर जायचा, उशिरा यायचा. जेवताना गप्प. विचारलं तर "काही सापडलं नाही" एवढंच.

एक दिवस वहिनीने मला दुकानात बोलावून घेतलं. इस्त्री बाजूला ठेवली.

"कपडे धुवायच्या आधी मी खिसे उलटे करते. यांच्या खिशात वाळू निघते, नाणं एकही नाही. मग इतका वेळ तिथे करतात काय? दुसरी कोणीतरी आहे."

"दादाला? वहिनी, त्याला तू कशी मिळालीस, हेच आम्हाला अजून कोडं आहे."

ती हसली नाही. डोळे भरले तिचे.

"माझा माणूस हातातून चाललाय गं. तू एकदा बघून ये."

संशय मलाही होता, पण वेगळा. याला काहीतरी घबाड सापडलंय आणि हा आमच्यापासून लपवतोय, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदराच्या भिंतीआड उभी राहिले.

दादा कानाला हेडफोन लावून डिटेक्टरची थाळी वाळूवरून फिरवत होता. थांबला. गुडघ्यावर बसला, खुरप्याने खणलं, काहीतरी उचलून बोटाने पुसलं. नाणंच होतं. चकाकलं.

सापडलास, मी मनात म्हटलं.

मग त्याने तळहात शेजारी, मोकळ्या जागेकडे पुढे केला... कोणाला तरी द्यावं तसा.

हात मागे घेतला तेव्हा रिकामा होता.

खाली काही पडलं नाही. माझी पापणीसुद्धा लवली नव्हती.

दादाने खड्डा बुजवला आणि टाचेने दोनदा दाबला. हा त्याचा नियमच. उघड्या खड्ड्यात कोणाचा पाय मुरगळला तर पाप आपल्या माथी, म्हणायचा. खड्डा बुजवल्याशिवाय तो पाऊल पुढे टाकत नसे.

मग तो बाजूला वळून हसला. काहीतरी बोलला. ऐकत राहिला...

तिथे कोणीही नव्हतं.

मी तडक गेले. त्याने नुकताच दुसरा खड्डा खणायला घेतला होता.

"दादा, खिसे दाखव."

तो दचकला. पण बघितलं माझ्याकडे नाही, शेजारी बघितलं.

"तू जा. त्याला कोणी आलेलं आवडत नाही."

"कोणाला?"

मी सरळ यंत्र घेतलं. अंगावरचं धातूचं काढायला लावणं हे माझं रोजचं काम. पट्टा, घड्याळ, सगळं काढायला लावलं आणि थाळी त्याच्या अंगावरून फिरवली. छाती, खिसे, बाह्या... आवाज नाही. दादाकडे काहीच नव्हतं. मला लाज वाटली.

यंत्र परत द्यायला वळले. थाळी त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवरून गेली...

आणि यंत्र किंचाळलं.

वर केली, तरी किंचाळत होतं. माणसाचे खिसे असतात, तेवढ्या उंचीवर. मग एकदम शांत झालं.

मी थाळी माझ्याकडे आणली. पुन्हा आवाज.

ते माझ्या बाजूला आलं होतं...

"खिसे भरलेत त्याचे," दादा हळू आवाजात म्हणाला. "पुरे झालं म्हणतो. आता घरी यायचंय म्हणतो."

मी यंत्र टाकलं आणि दादाचं मनगट धरून पळत सुटले. धुकं दाट झालं होतं. खणलेल्या खड्ड्याच्या काठाशीच ठेच लागली, हात सुटला. चाचपडले, पुन्हा हात सापडला. घट्ट धरला.

तो मुकाट्याने आला. उघडा खड्डा ओलांडून आला. वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने. घाबरलाय, असं मला वाटलं.

दुकानात पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं. दादा ज्या हाताने आत्ता खणत होता, तो हात मी धरून आणला होता... आणि त्याला वाळूचा एक कण नव्हता.

वहिनीने चहा दिला. तो गप्पा मारायला लागला. कितीतरी दिवसांनी ती हसली.

मी यंत्र आणायला एकटीच परत गेले. धुकं सरलं होतं, ऊन पडलं होतं. पाणी अजून लांब होतं. यंत्र होतं तिथेच होतं.

खड्डा बुजवलेला होता.

वर टाचेचे ठसे. दोन.

"दादा?" मी हाक मारली...

लाटांचाही आवाज येत नव्हता. मी तिथून पळाले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

आता दादा किनाऱ्यावर जात नाही. वहिनीला कपड्यांच्या घड्या घालायला मदत करतो.

मला राहवेना. एका दुपारी यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. एकदाच त्याच्या अंगावरून फिरवायचं होतं. वहिनीने दारातच माझा हात धरला.

"ते आत आणू नकोस."

"वहिनी, फक्त एकदा..."

"मी त्यांचे कपडे धुते. मला कळत नाही का?" ती दारात आडवी उभी राहिली. "झोपेत घोरत नाहीत. उशीवर केस सापडत नाही. पण घरी असतात. माझ्याकडे बघून बोलतात. तू नको बघूस."

आतून दादाचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"कोणी नाही," वहिनी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

ओहोटी असली की अजूनही मला घरात बसवत नाही. वाटतं, जाऊन बघावं. पण समजा तो तिथे असलाच... तर घरी आता कोणी त्याची वाट बघत नाही, हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू?