साडेसहाचा सायरन

मावशींच्या घरातला अलार्म संध्याकाळी बरोब्बर साडेसहाला बोंबलायचा, आणि चोर म्हणाल तर औषधालाही नाही! तो बसवणारी मुलगी तिसऱ्यांदा आली, तेव्हा साहेबांनी बजावलंच होतं, "आणखी एक तक्रार आली, की दुसरी नोकरी बघ."

ती शिडीवर चढते न चढते तोच सायरन सुरू. वैतागून खिडकीबाहेर पाहिलं, तर शेजारच्या गच्चीवर ही भलीमोठी अँटेना! ती तडक तिकडे गेली. दार उघडणाऱ्या तरुणाच्या गळ्यात हेडफोन होता.

"आत्ता काय करत होतात?"

"बोलत होतो... समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या दोस्ताशी. हौशी रेडिओ. परवाना आहे हो!"

"परवाना घाला चुलीत. तुम्ही बोललात की तिकडे माझी नोकरी ओरडते!"

त्यानं निमूटपणे वही काढली. प्रत्येक बोलण्याची वेळ मिनिटासकट लिहिलेली. अलार्मच्या नोंदींशी ती तंतोतंत जुळली.

"म्हणजे चोर मीच," तो म्हणाला.

"छे! दाराच्या सेन्सरची तार लांबलचक आहे. ती तुमच्या लहरी पकडते."

दुसऱ्या दिवशी तिनं तार आखूड केली, दोन्ही टोकांना लहरी अडवणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्या बसवल्या. शिडी त्यानं धरली.

"वर तारेकडे बघा, माझ्याकडे नको."

"तारेत काय बघायचंय?"

"अहो, पडेन मी!"

"म्हणून तर धरलीय..."

तिचे कान तापले. बरं झालं, तोंड छताकडे होतं. तेवढ्यात साहेबांनी दुसऱ्या कामावर बोलावलं. "रोजच्यासारखं बोलत राहा, वाजला तर कळवा," असं सांगून ती पळाली.

आठ दिवस तक्रार नाही. साहेब खूश. तिला मात्र चुटपुट लागलेली... आता जायचं तरी कुठल्या निमित्तानं? नवव्या दिवशी ती काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन गेली. वेळा टिपायला त्याची वही उघडली, तर आठही दिवस कोरे.

"बोललाच नाहीत?"

"म्हटलं, वाजला तर तुमची नोकरी जाईल..."

"आणि तो दोस्त?"

"वाट बघत असेल बिचारा."

तिला राग आला, आणि डोळेही भरून आले. "माझ्या कामावर भरवसा नाही?"

"भरवसा आहे हो. धीर नव्हता."

"बसा. पूर्ण ताकदीनं बोला. मी मावशींकडे थांबते."

साडेसहा वाजले. ती सायरनखाली उभी, नजर घड्याळावर. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सायरन गप्प.

"ओरडत नाही, मग तू का रडतेस गं?" मावशी म्हणाल्या.

ती धावत परत आली. तो वहीत वेळ लिहीत होता.

"दोस्तानं विचारलं, आठ दिवस होतास कुठे? म्हटलं... प्रेमात पडलो."

"अगंबाई! जगभर ऐकलं असेल कुणीकुणी!"

"ऐकू दे. मावशींच्या अलार्मनं नाही ना ऐकलं?"

"मी ऐकलं," ती म्हणाली आणि शिडी धरणारा तो हात तिनं घट्ट धरला. "उद्या येते. तक्रार नसली तरी."