विहीणबाईंचा मुक्काम

विमानतळावर पाहुण्यांना आणायला जाताना हाताला क्रीम लावायचं नाही, हे एव्हाना तळेगावातल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक झालं होतं. तरी रोहिणी सातपुते यांनी सकाळी सवयीने तळव्यांना क्रीम चोपडलंच. अर्ध्या रस्त्यात ते आठवलं आणि मग ओढणीच्या टोकाने त्या दोन्ही तळवे खसाखसा पुसत बसल्या.

"आई, सालपटं निघतील आता," तन्मय म्हणाला. गाडी आपली आपण चालली होती, त्यामुळे त्याला आईकडे बघायला भरपूर वेळ होता.

"निघू देत. त्या यंत्राला माझ्या हातावर बदामाचं तेल सापडलं तर म्हणेल, यजमान लबाड आहे."

"तेलाचा आणि लबाडीचा काही संबंध नसतो गं. तेलाने फक्त मोजणी चुकते."

"तेच ते."

रोहिणीताई तशा घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान चालवलं होतं, आणि 'उद्या नक्की देते' हे वाक्य डोळ्यांची पापणी न हलवता रोज उच्चारलं होतं. पण आजची गोष्ट वेगळी होती. तन्मयची सासू, म्हणजे त्यांची विहीण, कोरियाहून पहिल्यांदाच येत होती. उद्या नातीचा, मीराचा, पहिला वाढदिवस. कोरियन घरांत हा दिवस लग्नासारखा गाजवतात. त्यासाठी सून जी-उन पहाटेपासून तांदळाचं पीठ चाळत बसली होती.

पूर्वी परदेशी जायचं तर व्हिसासाठी महिनाभर आधी कागद धाडावे लागत. दोन वर्षांपूर्वी कोरियन नागरिकांसाठी 'अतिथी करार' झाला आणि कागद गेले. बँकेचा दाखला नको, परतीचं तिकीट नको. विमानातून उतरायचं, पाहुण्याने आणि यजमानाने समोरासमोर बसायचं, धातूच्या पाटीवर तळवा ठेवायचा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: मुक्काम किती दिवस? पाहुणा आपला आकडा सांगणार, यजमान आपला. दोन्हींत जो लहान, तितक्या दिवसांचा व्हिसा जागेवर मिळे. जास्तीत जास्त तीन महिने.

अट एकच होती. उत्तर मनापासून हवं. पाटीखाली हेतुमापक बसवलेला असे. तळव्याचा घाम, नाडी आणि बोटांतला सूक्ष्म ताण तो मोजायचा आणि तोंडातल्या शब्दांशी ताडून पाहायचा. जुळलं तर हिरवा दिवा, नाही जुळलं तर नारिंगी. तीन वेळा संधी. तिन्ही वेळा नारिंगी लागला तर पाहुणा पुढच्या विमानाने परत आणि महिनाभर पुन्हा यायचं नाही. यजमान कोण, तर घर ज्याच्या नावावर तो. तळेगावचं घर रोहिणीताईंच्या नावावर होतं.

भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, मध्ये टेबल आणि टेबलावर तव्याएवढ्या दोन पाट्या. संवाद अधिकारी ईश्वरी लोहकरे ही चुणचुणीत मुलगी होती. तिने रोहिणीताईंच्या कानात भाषांतर करणारा चिमुकला दुभाषा बसवून दिला. तन्मयला काचेबाहेर थांबावं लागलं.

युन मी-सुक आत आल्या त्या एक भलं मोठं खोकं ढकलतच. बारीक चणीच्या, आखूड केसांच्या, साठीच्या आसपासच्या. कमरेतून वाकून त्यांनी नमस्कार केला. रोहिणीताईंनी हात जोडले, मग आपणही थोडं वाकावं असं वाटून वाकल्या. त्यावर मी-सुक आणखी वाकल्या. हे असंच चाललं असतं, पण ईश्वरी खाकरली.

"सादोन," मी-सुक बसता बसता म्हणाल्या. कोरियनमध्ये विहिणीला असंच म्हणतात. पुढचं दुभाष्याने आपल्या शाळामास्तरी मराठीत सांगितलं. "माझ्या येण्याने आपणांस तसदी होत आहे, याची मला लाज वाटते."

"अहो, तसदी कसली. बसा, बसा."

ईश्वरीने प्रश्न विचारला. मी-सुकनी पाटीवर तळवा ठेवला. "सात दिवस. तेवढे पुष्कळ झाले. घरी मला खूप कामं आहेत."

नारिंगी.

"सात काय म्हणता," रोहिणीताई तळवा टेकवत म्हणाल्या, "घर तुमचंच आहे. हवं तितकं राहा. मला आनंदच आहे."

पुन्हा नारिंगी, आणि रोहिणीताईंना तो मघाच्यापेक्षा जास्तच भडक वाटला. काचेपलीकडे तन्मयने कपाळाला हात लावला.

"पहिली संधी गेली," ईश्वरी म्हणाली. "काकू, आकडा लागतो. 'हवं तितकं' हा आकडा नाही."

"बरं मग, तीन महिने." दुसरी फेरी सुरूच झाली होती. नारिंगी.

मी-सुक घाईघाईने म्हणाल्या, "नाही नाही, तीन महिने कशाला. दहा दिवस." नारिंगी.

वातावरण जरा सैल करावं म्हणून रोहिणीताईंनी पिशवीतून थर्मास काढला. "थोडा चहा घ्या. आल्याचा आहे."

"नको, विमानात झाला माझा," मी-सुक म्हणाल्या. त्यांचा हात अजून पाटीवरच होता. दिवा टुणकन नारिंगी झाला.

दोघी त्या दिव्याकडे बघत राहिल्या. मी-सुकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रोहिणीताईंना हसू आलं, आणि मग एकदम ओळख पटल्यासारखं झालं. ही तर अगदी आपलीच खोड. भूक लागलेली असताना 'आत्ताच खाऊन आले' म्हणायचं, साडी आवडलेली असताना 'मला काय करायची' म्हणायचं, आणि पाहुणा निघाला की जिवात जीव आला तरी 'एवढ्यात काय निघालात' म्हणायचं. आयुष्यभर हे केलं, आणि त्याला कोणी खोटं म्हणालं नव्हतं.

"हे मोजलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"चहाचं मोजत नाहीत," ईश्वरी म्हणाली. "पण आता एकच संधी राहिली. काय बोलायचं ते मी सांगू शकत नाही, तो नियम आहे. एवढं सांगते, कोरियन पाहुणा आणि मराठी यजमान अशी जोडी आली की आम्ही आधीच पाण्याचा जग भरून ठेवतो. हे यंत्र ज्यांनी बनवलं त्यांच्याकडे 'नको' म्हणजे नको असतं."

पुढचं विमान दुपारी होतं. मी-सुकनी खोक्यावर हात ठेवला. आत वाळवलेलं समुद्रशेवाळ होतं. वाढदिवसाला त्याचं सूप करतात आणि ते आजीच्या हातचं असेल तर चांगलं, असं जी-उनने महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. हे खोकं असंच परत गेलं तर सुनेला तोंड कसं दाखवायचं? रोहिणीताईंनी थर्मास बाजूला सारला.

"आधी मी बोलते," त्या म्हणाल्या आणि तळवा पाटीवर ठेवला. "आठ दिवस. जास्त नको. माझा गुडघा दुखतो, पाहुण्यांचं करून मी थकते. माझ्या ओट्यावर दुसऱ्या बाईने डबे हलवलेले मला खपत नाहीत. आणि..." त्या थांबल्या. "वर्षभर मीराला मी एकटीच आजी होते. तिला तुम्ही जास्त आवडाल, अशी मला भीती वाटते."

हिरवा.

दुभाष्याने हे सगळं मी-सुकच्या कानात ओतलं. मग त्यांनी हात ठेवला.

"तीन महिने," त्या म्हणाल्या. "घरी मला काही काम नाही. हिवाळ्यात नवरा गेला. त्याआधी दोन वर्षं तो अंथरुणावर होता, म्हणून जी-उनच्या बाळंतपणालाही येता आलं नाही. अजून मी दोघांचा भात लावते आणि सकाळी उरलेला एकटी खाते. पडद्यावर मीरा मला बघून हसते. पण पडद्यावर ती कुणालाही हसते. प्रत्यक्षात मला बघून ती रडेल, हे मला माहीत आहे. तिचं रडं थांबेपर्यंत मला राहायचं आहे. हे मागायला मला लाज वाटते."

हिरवा.

"झालं," ईश्वरी हलकेच म्हणाली. "लहान आकडा आठ. आठ दिवसांचा व्हिसा." तिचं बोट शिक्क्याच्या बटणाकडे गेलं.

"थांब गं," रोहिणीताई म्हणाल्या. त्यांनी हात उचलला नव्हता. त्यांना त्या दोघांच्या भातावरून काहीतरी आठवलं होतं. तन्मयचे वडील गेले तेव्हा त्यांनीही सहा महिने दोन कप चहा टाकला होता, आणि दुसरा कप बेसिनमध्ये ओतताना कोणी बघत नाही ना, हे पाहून घेतलं होतं. "शिक्का पडेपर्यंत उत्तर बदलता येतं ना?"

"तळवा उचलला नसेल तर येतं."

"मग मघाचं आठ खरं होतं, आता नाही. तीन महिने."

दिवा क्षणभर विझला आणि नारिंगी झाला.

काचेबाहेर तन्मय मटकन बाकावर बसला. मी-सुकनी मान खाली घातली. ईश्वरी घड्याळाकडे बघत म्हणाली, "काकू, दिवा स्थिरावायला थोडा अवधी असतो. तेवढ्यात काय ते बोला."

रोहिणीताईंना त्या दिव्याचा मनस्वी राग आला. चांगलं वागायला जावं तर हा मेला त्यातही खोट काढतो. पण खोट होती, हे त्यांना कळत होतं. कुठे होती तेही कळत होतं.

"सकाळचा ओटा माझा," त्या ठामपणे म्हणाल्या. "चहा, नाश्ता, दुपारची पोळीभाजी, त्यात कोणी यायचं नाही. संध्याकाळचा ओटा यांचा. त्यांनी शेवाळ शिजवावं नाहीतर आणखी काही, मी नाक मुरडणार नाही. मुरडलं तरी बोलून दाखवणार नाही. असं असेल तर तीन महिने. खुशाल."

हिरवा लागला आणि तसाच राहिला. ईश्वरीने बटण इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं.

मी-सुकनी डोळे पुसले. मग तळवा पाटीवरच ठेवून त्यांनी काहीतरी विचारलं. दुभाषा गंभीरपणे म्हणाला, "तो चहा अद्याप शिल्लक आहे काय?"

हिरवा.

निघताना ईश्वरीने सांगितलं की पुढच्या दिवाळीपर्यंत हेतुमापक घरगुती वापरासाठीही येतोय, टेबलाच्या काचेखाली बसवता येईल असा. तन्मयचे डोळे चमकले. "आपण एक घेऊया का?"

"नको," दोन्ही विहिणी एकदमच म्हणाल्या, एक मराठीत आणि एक कोरियनमध्ये.

घरी मीराने नव्या आजीला दारात पाहिलं आणि भोकाड पसरलं. मी-सुक दोन पावलं मागे सरल्या, पण चेहरा पडला नाही. "रडू दे," त्या म्हणाल्या. "वेळ आहे माझ्याकडे." रोहिणीताईंनी मीराला कडेवर घेतलं, आणि ती आपल्याला बिलगली याचा आनंद झाला, तो त्यांनी लपवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्रशेवाळाचं सूप झालं. सकाळचं असल्यामुळे त्यासाठी ओट्याची खास परवानगी दिली गेली. दुपारी पंगत बसली. दोन घास खाऊन मीराने शेवाळाची एक पट्टी मुठीत धरली, ती मी-सुकच्या नाकाला लावली आणि मगच रडली. ही प्रगती आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं.

रोहिणीताई श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाढायला निघाल्या. मी-सुकची वाटी रिकामी होती. पण पळी जवळ येताच त्यांनी वाटीवर तळवा आडवा धरला आणि मान हलवली. एवढी एक गोष्ट त्या वर्षभरात पडद्यावर इथली जेवणं बघून शिकल्या होत्या. "नको," त्या मराठीत म्हणाल्या.

रोहिणीताई पळी धरून तशाच उभ्या राहिल्या. समोर तोच तळवा होता, कालचाच. पण खाली पाटी नव्हती, आणि कुठे दिवाही नव्हता. मी-सुकच्या डोळ्यांत त्यांनी नीट निरखून पाहिलं. वाढायचं, की खरंच थांबायचं?