पाच वाजताचा शिक्का

"नवरा परत पाहिजेच," लॉन्ड्रीत इस्त्री करणारी ती बाई म्हणाली. "पण ज्यानं पाठवला, त्याला मी सोडणार नाही."

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी मान डोलावली. त्या एके काळी कोर्टात लघुलेखक होत्या. कानावर पडलेला शब्द विसरत नसत. त्यांचे सोबती मास्तर मात्र प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत.

इस्त्रीवाल्या बाईचा नवरा परदेशातून आलेला वेल्डर. सरकारनं त्याला हद्दपार करायचं ठरवलं. काल दुपारी बाराला न्यायाधीशांनी हद्दपारीला एक महिन्याची स्थगिती दिली. तरीही तीनच्या विमानानं त्याची रवानगी झाली.

हद्दपारी कार्यालयातला अधिकारी तोऱ्यात होता. "स्थगितीचा आदेश पाचला आला. शिक्का बघा. तोवर मला काहीच माहीत नव्हतं. फोनसुद्धा नाही."

"वेल्डर ओळखीचा?" बाईंनी विचारलं.

"गेल्या वर्षी त्याच्यापायी कोर्टानं माझ्यावर ताशेरे ओढले. बढती हुकली. म्हणून मी कायदा मोडेन?"

कोर्टाचा शिपाई रडकुंडीला आला होता. "साडेबाराला आदेश इथल्या कारकूनबाईंच्या हातात दिला हो."

कारकूनबाईंनी मान वर केली नाही. "पाच म्हणजे पाच."

"शिपाईच खोटारडा," मास्तरांनी निकाल दिला. "शिक्का कशाला खोटं बोलेल?"

कार्यालयाच्या आवारात ड्रायव्हर गाडीचं चाक बदलत होता. "विमान रात्रीचं होतं. एक वाजता साहेब धावत आले. म्हणाले, 'तीनचं पकड. महिनाभर ठेवून घ्यायला ही काय त्याची सासुरवाडी आहे?'"

तपास करणाऱ्या बाईंनी इस्त्रीवाल्या बाईसकट सगळ्यांना अधिकाऱ्याच्या खोलीत बोलावलं.

"साहेब, महिन्याची मुदत न्यायाधीशांनी बाराला ठरवली. तुम्हाला पाचपर्यंत काहीच माहीत नव्हतं. मग एक वाजता तुमच्या तोंडी महिना आला कुठून? आदेश तुम्ही वाचला होता. म्हणूनच विमान बदललंत."

मास्तरांनी आ वासला. कारकूनबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. "शिक्क्याची वेळ साहेबांनी बदलायला लावली. नोकरी घालवीन म्हणाले."

अधिकारी इस्त्रीवाल्या बाईकडे वळला. "आठवड्यात आणून देतो त्याला. हे इथंच मिटवू."

"घ्या ना मिटवून, ताई," मास्तर कुजबुजले.

"त्याला कोर्ट आणेल," ती म्हणाली. "तुम्ही फक्त तिथं उभे राहा."

न्यायाधीशांनी सरकारी खर्चानं वेल्डरला परत आणायचा हुकूम दिला. मग अधिकाऱ्याला त्याचा लेखी कबुलीजबाब वाचायला लावला. त्यानं तो खाली मान घालून, पुटपुटत वाचला.

पहिल्या बाकावरून ती उठली.

"नीट ऐकू आलं नाही, साहेब."

"पुन्हा वाचा," न्यायाधीश म्हणाले. "मोठ्यानं."