ह नंतरचं अक्षर

हिवरखेडला सरकारी शाळेचा मास्तर म्हणून मी आलो तो कापसाच्या तेजीत. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली आणि इकडे वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव. गावात माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती, कारण घराघरात कापूस राहायला आला होता. शाळा भरायची मारुतीच्या देवळामागच्या पडवीत. तिच्याही अर्ध्या भागात जानराव पाटलांचा कापूस आढ्याला टेकलेला होता. उरलेल्या अर्ध्यात मी, माझी छडी आणि पंधराएक पोरं.

सरकीचा तेलकट वास नाकातून जाता जात नसे. हवेत सदा बारीक तंतू तरंगायचे. पहिले काही दिवस मी शिकवलं कमी आणि शिंकलोच जास्त.

मी वाईचा. उच्चाराच्या बाबतीत आमचं घराणं जरा खाष्टच. इथे येऊन पाहतो, तर या लोकांच्या तोंडात ळ नाही! केळीला केयी म्हणतील, शाळेला शाया. नजर पोचेल तिथवर ज्या गावची जमीन काळीभोर, त्या गावात काळी हा शब्द धड म्हणणारा एक माणूस सापडू नये? जमिनीला ते कायी म्हणत आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई.

पोरं मात्र गुणी होती. एका ओळीत मांडी घालून बसायची, मांडीवर धूळपाटी. पाटीवर विटकरीची पूड पसरायची, मी काढून दिलेलं अक्षर बोटानं गिरवायचं. अगदी लहान असेल त्याचा हात मी मनगटाशी धरायचा आणि त्याच्या बोटानं अक्षर काढायचं. चुकलं की तळव्यानं पूड सारखी करायची, पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी सगळ्यांनी एका सुरात मुळाक्षरं म्हणायची. शेवटचं अक्षर झालं की सुटी. अक्षरं पुरी झाल्याशिवाय कोणी जागचं उठायचं नाही, हा माझ्या आधीच्या पंतोजींनी घालून दिलेला रिवाज.

पहिल्याच संध्याकाळी पोरांनी झकास सूर लावला. "श, ष, स, ह..." आणि सगळी एकदम गप्प. मी वाट पाहिली. जरा वेळानं "क्ष, ज्ञ" म्हणून पोरं उठून पळालीसुद्धा.

मला वाटलं, ळ म्हणता येत नाही म्हणून गाळतात, लबाड कुठली. दुसऱ्या दिवशी मी आधीच बजावलं. तरी तेच. ह झाला की पोरं माना खाली घालून थांबायची. कोणी कोणाकडे बघत नसे, कोणी खोडी काढत नसे. मारुतीपुढेसुद्धा ही पोरं इतकी शहाण्यासारखी उभी राहत नसत.

"किसन," मी ओळीतल्या मोठ्या पोराला विचारलं, "ह नंतर काय येतं?"

"ते आमचं नोहे, मास्तर."

"मग कोणाचं?"

त्यानं ओळीच्या टोकाकडे बोट केलं. कापसाच्या ढिगाला लागून एका मुलाची जागा रिकामी होती. तिथे एक धूळपाटी ठेवलेली होती, पूड पसरून. "देवीदासचं हाय ते. तो म्हणते, मंग आमी म्हणतो."

मी ती पाटी उचलली. पुडीत एक वाकडातिकडा ळ होता, गाठी उलट्या बाजूनं वळवलेला. कोणातरी पोराचा चावटपणा, दुसरं काय! मी तळव्यानं पूड सारखी केली. सकाळी पाटीवर पुन्हा तोच ळ, त्याच उलट्या गाठींचा.

मुळाक्षरांच्या वेळी एक बाई रोज पडवीच्या खांबाशी येऊन बसायची. मळ्यातली वांगी विकून झाली की रिकामी टोपली शेजारी ठेवायची, डोक्यावरचा पदर कानामागे सारायची आणि डोळे मिटून ऐकायची. क्ष ऐकला की उठून चालू लागायची. मी आपला खूश, की एवढ्या अडाणी गावात विद्येची गोडी असलेलं एक तरी माणूस निघालं. तिचं नाव तानुबाई, हे मला मागाहून कळलं.

एका संध्याकाळी पोरं ह वर थांबली तेव्हा मी उठून त्या रिकाम्या जागेपाशी गेलो. म्हटलं, बघू तरी काय चावटपणा आहे. वारा पडलेला होता. कापसाचा एक तंतू त्या पाटीच्या वर, बसलेल्या लहान पोराच्या तोंडाच्या उंचीवर, हवेत लोंबत होता. तो जरा पुढे जाई, जरा मागे येई. पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

मग अगदी बारीक आवाजात कोणीतरी म्हणालं, "य."

"क्ष, ज्ञ!" पोरं ओरडली आणि पळाली. खांबाशी बसलेली बाई पदरानं डोळे पुसत होती.

मी तडक जानराव पाटलांच्या ओट्यावर गेलो. मोठा रोखठोक माणूस, पण देवीदासचं नाव काढताच त्यांनी पानाचा डबा बंद केला.

"तानुबाईचा पोट्टा," ते म्हणाले. "तिले नवरा नाई. हा एकच होता. गाड्या अकोल्याले निघाच्या होत्या, घाई होती. तुमाले ठाव असन, बोरा, मंजे माणसाएवढं पोतं, दोन खांबाले टांगतात अन् वरून कापूस टाकतात. दाबाले आत हलकं लेकरू उतरवतात. तो नाचे आतमंदी. शायेतली अक्षरं म्हणत नाचे, एक पाय एक अक्षर. आवाज आला का आमी समजो, पोट्टा वर हाय. मंग टाको."

त्यांनी डबा बाजूला सारला.

"ते एक अक्षर अथी कोणालेच येत नाई, त्यालेबी येत नव्हतं. पंतोजीनं लय झोडपलं होतं त्याच्यापायी. रोज तो तथीच अडके, अन् आमी रोज हासो. त्या दिवशी ह म्हनला अन् गप झाला. आमी म्हनलं, अडकला वाट्टे. हासलो आमी, मास्तर. हासत हासत कापूस टाकत राह्यलो."

पाटलांनी तोंड फिरवलं. घरी येऊन मी जेवलो नाही.

पुढच्या महिन्यात शाळा तपासनीस येणार असल्याचं कळलं. मुळाक्षरं गाळलेली त्यांना चालणार नव्हती. मी पोरांना समजावलं, की साहेबांपुढे तेवढ्यापुरतं सगळ्यांनी मिळून ळ म्हणा. जीभ मागे वळवून टाळूला कशी लावायची, तेही दाखवलं. संध्याकाळी तानुबाई खांबापाशी न बसता थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर, ते अक्षर शिकवू नोका."

"का बाई?"

"तो आयकून राह्यला ना. शिकला का जाईन तो."

"कुठे जाईल?"

"अक्षरं पुरी झाली का सुटी देता ना तुमी? त्याची राह्यली हायेत, म्हून तो अथी हाय." तिनं टोपली छातीशी धरली होती. "मले रोज एकडाव आयकू येते त्याचं. य म्हणते. तेवढंच हाय माह्यापाशी. तेवढं राहू द्या, मास्तर."

मी बुद्धिवादी माणूस. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली होती. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून माझी सगळी विद्या पांगळी झाली. मी पोरांना सांगितलं, ळ राहू दे. साहेब काय बोलायचे ते मला बोलतील.

साहेब पुण्याकडचे, साठीला टेकलेले, चेहऱ्यानं शांत. त्यांनी पाढे ऐकले, पाट्या पाहिल्या. मग पोरांनी मुळाक्षरं धरली आणि ह वर येऊन गप्प झाली. मी सबब सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब म्हणाले, "तो टोकाचा मुलगा का म्हणत नाही? सगळे त्याच्यासाठी थांबलेले दिसतात."

त्यांना अडवायचं भान मला राहिलं नाही.

साहेब उठले आणि त्या रिकाम्या जागेपुढे चक्क उकिडवे बसले. आवाज किती मऊ होता त्यांचा!

"घाबरू नकोस. जीभ अशी मागे ने. टाळूला लाव. हं. आता सोड."

"य," ऐकू आलं.

"छान. पुन्हा."

तंतू पुढे-मागे हलला.

"य."

"जवळ आलास. अजून एकदा, बाळ."

खांबाशी तानुबाई उठून उभी राहिली होती. तिनं दोन्ही हात पुढे केले होते, पडणारं भांडं धरायला करतात तसे.

"ळ."

स्पष्ट, गोल, वाईच्या वेदशाळेत शोभेल असा ळ. मी तसा त्या गावात कधी ऐकला नव्हता.

"शाबास!" साहेब हसून उठले. "जा घरी. तुला सुटी."

तंतू खाली पाटीवर पडला.

बैलांच्या दमणीत चढताना साहेब मला म्हणाले, "मुलगा हुशार आहे. पण त्याच्या नाकातोंडात इतका कापूस कसा? जरा लक्ष देत जा."

दुसऱ्या दिवशी ह झाल्यावर पोरं थांबलीच नाहीत. त्यांनी ळ म्हटला, सगळ्यांनी, आणि तो बरोबर म्हटला. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. रिकाम्या पाटीवरची पूड कोरी होती. तानुबाई क्ष ऐकूनही उठली नाही. पोरं गेली, कापसावरचं ऊन गेलं, तरी ती खांबाला धरून बसून होती.

"गेला ना माहा बाया, माहं लेकरू?" तिनं मला विचारलं.

मी तिच्यासमोर रडलो, लहान पोरासारखा, आणि मला त्याची लाज वाटली नाही. एक लेकरू एकदा कापसानं नेलं होतं, दुसऱ्यांदा शाळेनं नेलं. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा तिटकारा आला. मी छडी पडवीच्या वळचणीला खोचली ती पुन्हा काढली नाही.

तानुबाई मग शाळेकडे फिरकली नाही. बाजारातही दिसेना. लोक म्हणाले, मळ्यातली वांगी झाडावरच पिकून पिवळी पडताहेत. मला राहवेना. एका सुटीच्या दिवशी देवीदासची धूळपाटी पंच्यात गुंडाळून मी तिच्या मळ्यात गेलो. म्हटलं, निदान त्याची एवढी वस्तू तरी तिच्यापाशी असावी.

खोपटाच्या दारात, दुपारच्या उन्हात, ती सूप मांडीवर घेऊन बसली होती. सुपात चुलीची राख सारखी पसरलेली होती आणि ती बोटानं काहीतरी काढत होती. मला पाहून हसली. मी तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"या मास्तर. पाहा बरं बरोबर हाय का."

राखेत ह होता. नीट, गोल, गिरवून गिरवून पक्का झालेला.

"कोणी शिकवलं तुम्हाला?"

"साहेबानं त्याले घरी जा म्हनलं ना," ती म्हणाली. "मंग तो दुसरीकडं कोठी जाईन? घरीच आला. म्हणे, माय, तू बी शीक. मंग तुले बी सुटी." तिनं हात वर करून मला दाखवला. "हात धरून गिरवते तो. तुमी धरत होते ना पोट्ट्याइचा, तसाच."

तिच्या मनगटावर राखेची चार बारीक बोटं उमटली होती.

"आता ह झाला," तानुबाई म्हणाली. "त्याचंच अक्षर राह्यलं. अन् मंग दोन."

आयुष्यभर मी पोरांना एकच सांगत आलो होतो, भराभर शिका, पुढे चला. त्या दुपारी मी तिच्यासमोर हात जोडले. "बाई," मी म्हणालो, "घाई करू नका. चुकू द्या. हवं तितकं चुकू द्या."

ती सुपाकडे बघत होती. तिचं बोट राखेत उतरलं, वळलं आणि ळ काढला, उलट्या बाजूनं गाठी वळवलेला. मग तिनं जीभ मागे नेली आणि डोळे मिटून म्हटलं, "य."

"नाई म्हणते तो," ती हसून मला म्हणाली. "पुन्हा."

तिनं दोन्ही हात पदरात घेतले. आणि सुपातली राख या काठापासून त्या काठापर्यंत हळूहळू सारखी झाली.