समृद्धीचा डावा गुडघा

कपडे लेकीचे, मैदानात उतरणार लेक. पण पार्सल फोडायला कात्री घेऊन ऐटीत बसले होते ते अण्णासो मगदूम. आतून घोट्यापर्यंत येणारी गडद निळी खेळाची विजार निघाली. समृद्धीने ती चढवली, दोन बैठका मारल्या, एक उडी घेतली. कापडाला सुरकुती म्हणून पडली नाही.

"आता सांग, कुणी टेप लावली होती का हिला?" अण्णासोंनी बायकोला विचारलं. शैलाताईंनी हे कितव्यांदा तरी ऐकलं होतं, तरी त्या हसल्या.

टेप खरंच कुणी लावली नव्हती. कपडे शिवणारा कारखाना तमिळनाडूत कुठेतरी होता आणि माप घेतलं होतं घरातल्या वायफायने. राउटरमधून निघालेल्या लहरी माणसाच्या अंगावर आपटून परततात. परतताना अंगाचा आकार, चालण्याची ढब, कोणत्या पावलावर किती भार पडतो, सगळं सांगतात. इतकी वर्षं ते वाचणारं कुणी नव्हतं. आता राउटरच वाचत होता. गिऱ्हाइकाने घरात नेहमीसारखं वावरायचं, जेवायचं, जिना चढायचा. तेवढ्यात त्याचा 'देहपट' तयार होऊन ऑर्डरसोबत जायचा.

समृद्धी जिल्ह्याच्या कबड्डी संघात चढाई करायची. अण्णासोंचा तासगावात फ्लेक्स छापायचा धंदा. गावातल्या लहानथोरांचे वाढदिवस छापता छापता केस पांढरे झाले होते, आणि आता घरचाच मान छापायची पाळी आली, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला नाही. चौकात फलक असा लागला की एसटीतल्या माणसालाही वाकून वर बघावं लागे: 'तासगावची वाघीण समृद्धी'. बापाचा ऊर भरून आला होता, त्याला दोष तरी काय द्यायचा?

नंतर विजारीची घडी घालताना अण्णासोंच्या बोटांना डाव्या गुडघ्यापाशी वीण जाड लागली.

"ही चूक झालीय त्यांची. एकाच गुडघ्याला दुप्पट कापड! परत पाठवतो."

"राहू द्या पप्पा," समृद्धी घाईने म्हणाली.

शैलाताईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "दुखतंय व्हय गं?"

पोरीने विजार पप्पांच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "उन्हाळ्यापासनं. सरांना सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं मला."

आईबापाला जे कळलं नव्हतं ते कापडाला कळलं होतं. अण्णासोंना वाईट वाटलं, त्याहून जास्त लाज वाटली. त्यांनी तिला लगेच डॉक्टरांकडे नेलं. आधार बांधून खेळता येईल, डॉक्टर म्हणाले. पण कुणी त्याच पायाला लोंबकळलं तर पुढचं वर्षभर मैदान विसरायचं. राज्याच्या निवडीचा सामना तोंडावर आला होता. घरातल्या तिघांनी गुडघ्याची गोष्ट घरातच ठेवायचं ठरवलं.

आणि तरीही सरावाच्या सामन्यात शेजारच्या तालुक्याच्या मुली पुन्हा पुन्हा तिच्या डाव्या गुडघ्यावरच झेपावल्या. ती कशीबशी निसटली. घरी आल्यावर चप्पलही न काढता तिने वायफायचं पान उघडलं. घरात फोन तीन, जोडलेले चार. नोंदीत दिसत होतं, चौथा रोज संध्याकाळी समोरच्या चहाच्या टपरीइतक्या अंतरावरून जोडला जायचा, तिचा देहपट बघायचा आणि निघून जायचा.

"पप्पा, पासवर्ड काय ठेवलाय?"

अण्णासोंनी छाती काढून सांगायला सुरुवात केली, "तासगावची वाघीण..." आणि त्यांना चौकातला फलक आठवला.

शैलाताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, लोक पासवर्ड लपवून ठेवतात. तुम्ही छापून चौकात टांगलाय!"

अण्णासो तिरमिरीत उठले. आत्ताच्या आत्ता बदलतो, त्या टपरीवाल्या चोरालाही बघून घेतो, म्हणू लागले. समृद्धीने त्यांचा हात धरला.

"नको. सामन्यापर्यंत राहू दे असंच. बघणाऱ्याला बघू दे."

त्या दिवसापासून ती घरात उजव्या पायाने लंगडू लागली. फक्त घरात. जिना चढताना उजवा पाय मागून ओढायची, जेवायला बसताना उजवा गुडघा धरून 'आई गं' म्हणायची. सगळा भार डाव्यावर यायचा, तो ती निमूट सोसायची. लहरींना सोंग कळत नाही. राउटर इमानदारीने लिहून घेत राहिला. उजव्या गुडघ्यासाठीही आधाराची विजार शिवू का, असा कंपनीचा निरोपसुद्धा आला. अण्णासोंनी तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि पोट धरून हसले.

निवडीचा सामना त्याच शेजारच्या तालुक्याशी पडला आणि शेवटच्या चढाईवर अडला. समृद्धीने बोनस रेषेकडे पाय टाकला आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या मुलींनी एकदम तिच्या उजव्या पायाला मिठी घातली. तो तिचा धडधाकट पाय! त्याच पायाने त्या दोघींना ओढत, मातीत कोपरं खरडत, तिने मध्यरेषेवर हात टेकवला. अण्णासो इतके ओरडले की पुढे दोन दिवस त्यांना गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलावं लागलं. अशी हुशार, अशी जिद्दी पोर आपल्या पोटी आली, या विचाराने त्यांना भर मैदानात रडू फुटलं.

समृद्धी राज्याच्या संघात निवडली गेली. त्याच संध्याकाळी अण्णासोंनी घर पक्कं बंद केलं. नवा पासवर्ड असा की तो त्यांच्याही लक्षात राहीना. पाहुण्यांना वेगळं कनेक्शन, कंपनीकडचा देहपट पुसलेला, लहरींचं माप घेणंही बंद. आता घरात कोण कसं चालतं ते फक्त घराला ठाऊक.

समृद्धी गुलालाने माखून जिना चढत आली. अण्णासो कान देऊन ऐकत होते. एक पाऊल जड पडतंय का? की भासच?

"खरं सांग बाळ, दुखतंय का?"

"न्हाय ओ पप्पा," ती हसून म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

इतके दिवस ती किती सहज लंगडली होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तितकंच सहज हे हसू होतं. फोन त्यांच्या हातातच होता. माप पुन्हा सुरू करायला एक बोट पुरलं असतं. तिचं पाणी पिऊन होईपर्यंत राउटरने खरं काय ते सांगितलं असतं, आणि तिला कधी कळलंही नसतं. टपरीवरच्या माणसाला चोर म्हणताना त्यांना विचार करावा लागला नव्हता. पण लेकीने तोंडाने नाही म्हटल्यावर तिच्या गुडघ्याला परस्पर विचारायचा हक्क बापाला तरी होता का?