खर्शीकरांचा खंडोबा

"माझा मुलगा चोर आहे का, एवढंच मला सांग," मीनाक्षी खर्शीकर म्हणाल्या आणि समोरचा चहा त्यांनी बाजूला सारला.

नीरजा बेहेरेचं ऑफिस म्हणजे सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या मावसभावाच्या घराची पुढची खोली. खासगी तपासाचा परवाना तिच्याकडे होता, पण गाडी चालवायचा नव्हता. त्यामुळे तो मावसभाऊ, नचिकेत, तिचा ड्रायव्हर, मदतनीस आणि श्रोता असा तिन्ही होता. पगार मात्र एकाचाही नाही.

"काय चोरीला गेलंय, काकू?"

"आमचा टाक. खंडोबाचा. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला. त्रिंबकरावांचा."

त्रिंबकराव कोण, हे सिडनीच्या मराठी माणसाला सांगावं लागत नसे. वारणगड संस्थानाचे सरदार आणि इंग्रजांच्या दरबारातले वकील, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत. पुढे लोखंडी नांगरांचा कारखाना काढणारे उद्योगपती. त्यांचे खापरपणतू, म्हणजे मीनाक्षीताईंचे यजमान दत्तप्रसाद, दर वर्षी मंडळात त्यांच्यावर तेच भाषण करत आणि लोक दर वर्षी त्याच जागी टाळ्या वाजवत.

"फोनवर म्हणालात, तीन आठवड्यांपूर्वी—" नीरजाने विचारलं.

"मागच्याच्या मागच्या रविवारी," मीनाक्षीताईंनी दुरुस्ती केली. "त्या दिवशी पूजेत टाक होता. आम्ही दोघं नोकरीवाले, डबी उघडतो ती रविवारीच. दुपारी बार्बेक्यू होता. ह्यांनी चारचौघांत सुनेच्या, लीनाच्या, वडिलांच्या चहाच्या टपरीची थट्टा केली. राघव तिला घेऊन दीड तासावरच्या वॉलॉंगॉंगला निघून गेला. शनिवारी कपडे न्यायला एकटाच आला, आम्ही घरी नसताना. रविवारी डबी उघडली, तर रिकामी!"

"आणि लोक म्हणतात राघवनेच नेला."

"ह्यांच्या चुलतभावाने, हृषिकेशने, फॅमिली ग्रुपवर लिहिलंसुद्धा. रुसलेला मुलगा परत येतो गं. चोर ठरवलेला कशाला येईल?"

नचिकेतला वाईट वाटलं, आणि कळलं काहीच नाही.

*

खर्शीकरांच्या कॅसल हिलच्या घरात दत्तप्रसादांनी दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच.

"पोलीस नकोत म्हणून सांगितलं, तर हिने डिटेक्टिव्ह आणला! अगं, दोन तोळ्यांचा पत्रा तो. गेला तर गेला."

"त्रिंबकराव तो बरोबर घेऊन फिरायचे ना, काका?" नीरजाने विचारलं.

"कोण म्हणतं? माझा खापरपणजोबा बुद्धिवादी माणूस!" दत्तप्रसादांचा आवाज एकदम मंडळातला झाला. "संस्थान खालसा व्हायची वेळ आली. कलकत्त्याला जाऊन ह्या माणसाने दत्तकाची मंजुरी आणली. कशाच्या जोरावर? मुद्द्यांच्या! देव घरीच होता."

"सासूबाई सांगायच्या," मीनाक्षीताई हळूच म्हणाल्या, "ते मंजुरी घेऊन दारात आले, तेव्हा त्यांची बायको आतून ओल्या हातांनी धावत आली आणि तिने टाक त्यांच्या तळहातावर ठेवला."

"बायकी गप्पा," दत्तप्रसाद म्हणाले.

देवघर म्हणजे लिव्हिंग रूममधलं कपाट. आत दोन वजनदार चांदीच्या समया जागच्या जागी होत्या. शेजारी नक्षीची डबी, झाकण नीट लावलेलं. नीरजाने ती उघडून पाहिली. आत फक्त भंडाऱ्याची पिवळी पूड.

"समया तशाच कशा?" नचिकेतने विचारलं.

"तेच तर," नीरजा म्हणाली आणि तिने डबीचं झाकण पुन्हा लावलं.

मीनाक्षीताईंनी गरम खिमा पॅटिस आणले. दत्तप्रसादांनी बशी दूर केली. "डॉक्टर नको म्हणालेत."

"कुठले डॉक्टर? त्या बार्बेक्यूला चार चॉप्स खाल्लेत तुम्ही!"

"त्यानंतर म्हणालेत."

नीरजाला गॅरेज बघायचं होतं. दत्तप्रसाद पुढे झाले. "तिथे नुसता पसारा आहे." पण नचिकेत तोवर आत शिरून बर्फाच्या निळ्या पेटीवर, सगळा देश जिला एस्की म्हणतो तिच्यावर, नडगी आपटून कळवळत होता. पेटी तसूभरही सरकली नाही.

"सांभाळ रे! रिकामी आहे ती, गळते," दत्तप्रसाद म्हणाले आणि त्यांनी दिवा बंद केला.

*

धाकटी मुलगी उर्वी अंगणात फोनवर होती.

"राघवदादा शनिवारी आला, तेव्हा देवघराकडे गेला होता का गं?" नीरजाने विचारलं.

"नो! दहा मिनिटं होता, मॅक्सिमम. ही वॉज सो सॅड." तिने फोन खाली ठेवला. "एव्हरीवन्स बीइंग वीअर्ड. मी शुक्रवारी बीचसाठी एस्की मागितली, तर डॅड कसला ओरडला! म्हणे इट लीक्स."

"गळते का खरंच?"

"बार्बेक्यूला आईस फुल होता. वन ड्रॉपसुद्धा नाही."

राहिला हृषिकेश. दत्तप्रसादांचा चुलतभाऊ, राहणार स्कोफिल्ड्स. वारसा धाकट्या पातीचा की थोरल्या, हे भांडण त्याने विमानात बसवून ऑस्ट्रेलियात आणलं होतं.

"टाक मला हवाच होता मेट, लपवतोय कोण?" तो नीरजाला म्हणाला. "पण मी नेला असता तर डबीसकट. त्रिंबकरावांचं नाव डबीवर कोरलंय. डबीशिवाय तो कोणाच्याही घरचा खंडोबा."

गाडीत बसल्यावर नचिकेतचं डोकं भणभणत होतं. "वारस चोर नाही, मुलगा चोर नाही, काका कोणालाच चोर म्हणत नाहीत. मग देव काय चालत गेला?"

"चालत नाही," नीरजा म्हणाली. "राघवला फोन लाव. म्हणावं, शनिवारी सकाळी कॅसल हिलला ये. तुझ्यावर आळ आहे."

"म्हणजे तोच?"

"तू फोन लाव."

*

शनिवारी सगळे लिव्हिंग रूममध्ये जमले. राघव दाराशीच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. लीना बाहेर गाडीत होती. ह्या घराची पायरी चढणार नाही, असं तिने वॉलॉंगॉंगलाच सांगून ठेवलं होतं.

"बोला," राघव म्हणाला. "कुठे सही करू, चोर म्हणून?"

"कुठेच नाही," नीरजा म्हणाली. "चांदीसाठी आलेला माणूस समया सोडत नाही. घराण्याच्या नावासाठी आलेला डबी सोडत नाही. इथे दोन्ही जागेवर आहे. म्हणजे नेणाऱ्याला चांदी नको होती आणि वारसाही नको होता. त्याला फक्त देव हवा होता."

"पुजारी?" नचिकेतने विचारलं. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"देव हवा असणारा माणूस सहसा मटण सोडतो आणि कारण डॉक्टरांचं सांगतो. त्याला पोलीस नको असतात. आणि न गळणारी एस्की तो गळते म्हणून कोणाला देत नाही. हे शुक्रवारचं. राघव आला शनिवारी. नचिकेत तिच्यावर आपटला तेव्हा रिकामी पेटी हलायला हवी होती. ती हलली नाही, कारण ती भरलेली आहे."

"कशाने?" मीनाक्षीताईंनी विचारलं.

"काकू, त्रिंबकरावांच्या बायकोचे हात ओले का होते?"

मग मीनाक्षीताईंचा हात तोंडाकडे गेला. "देव पाण्यात ठेवले होते तिने! नवरा यश घेऊन परत येईपर्यंत." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो... तुम्ही?"

ही गोष्ट आधी त्यांच्या लक्षात यायला हवी होती. कुठल्याही मराठी बाईच्या आली असती. पण जो माणूस वर्षानुवर्षं माइकवरून बुद्धिवाद सांगतो, तो गॅरेजमध्ये देव पाण्यात घालून बसेल हे त्याच्या बायकोला तरी कसं सुचावं?

दत्तप्रसाद खुर्चीच्या कडेवर बसले. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी कीव यावी असा दिसला.

"हा निघून गेला त्याच रविवारी ठेवला," ते म्हणाले. "म्हटलं, ह्याला घरी आण, मग बाहेर काढीन. हिने डबी उघडली, तेव्हा सांगणार होतो. जीभ उचलेना. मग हृषिकेशने ते लिहिलं, आणि मग तर..."

"ग्रुपवर मी चोर झालो, तरी गप्प बसलात?" राघव म्हणाला.

"रोज वाटायचं, आज सांगू."

"देव पाण्यात ठेवलात, बाबा. मला एक फोन नाही केलात."

गव्हर्नर जनरलशी वाद घालणाऱ्याचा वंशज, आणि वॉलॉंगॉंगचा एक नंबर फिरवता आला नाही. उर्वी रडत होती. नचिकेतला आता सगळं समजलं होतं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

"मी आलोय," राघव म्हणाला. "पण एकटा राहणार नाही. आणि तिला बोलवायला मी जाणार नाही."

दत्तप्रसाद उठले. कोणाकडेही न बघता दार उघडून अनवाणीच बाहेर पडले. ड्राइव्हवेवर उर्वीची सायकल आडवी पडली होती, म्हणून ते गवतातून निघाले. चार पावलांत लंगडायला लागले, तरी थांबले नाहीत. लीनाने काच अर्ध्यावर खाली केली.

"लीना," ते म्हणाले. "मी त्या दिवशी नीचपणा केला. तुझ्या वडिलांचीही माफी मागीन, तू नंबर दिलास तर. आत ये. नाही आलीस तरी... माझं चुकलंय ते चुकलंच."

तिची नजर त्यांच्या पायांकडे गेली. सिडनीच्या गवतात ह्या दिवसांत बारीक काटे असतात, आणि त्यांच्या तळव्यांत ते भरले होते.

"बाबा, हलू नका," लीना म्हणाली आणि गाडीचं दार उघडून खाली उतरली. "माझ्या खांद्याला धरा. आधी ते काटे काढू."